ती थांबली होती

आज क्रॉस-कंट्री स्कीच्या शर्यतीत शेवटची आले. लिहून टाकलं की हलकं वाटेल असं वाटलं होतं. नाही वाटलं.

पण सल शेवटची आल्याचा नाहीच. दोन हंगामांत त्याची सवय होत आलीय. आमच्यातली ती नवी पोर फिनिशला उभी होती, ते डोक्यातून जात नाहीये. तिची शर्यत कधीच संपलेली, अंगात कोरडं जॅकेट, डोक्यावर टोपी. मी रेषेपलीकडे आडवी झाले तशी ती गुडघ्यांवर बसली, काठीच्या टोकाने माझं बाइंडिंग, बूट स्कीला धरून ठेवणारी कळ, दाबलं, एक स्की सोडवली. दुसरीकडे वळली तोच मी ओरडले, "मी काढते!" बोटं इतकी बधिर झाली होती की मला काठीचा पट्टाही मनगटातून निघेना. ती काही बोलली नाही. जराशी मागे सरकली, एवढंच.

स्कीच्या तळाला पकडीसाठी लावायचं वॅक्स चुकलं होतं, कबूल. तापमान शून्याला टेकलेलं, खाली जुना ओला बर्फ, वरून नवा पडतोय. अशा वेळी जांभळं वॅक्स लावावं तर पकड मिळत नाही, क्लिस्टर, म्हणजे चिकट पातळ वॅक्स, लावावं तर नवा बर्फ चिकटतो. मी क्लिस्टरवर डाव लावला. दुसऱ्या चढावर पायाखाली गोळा धरला आणि तिथून पुढे मी घसरत नव्हते, चालत होते. एक स्की दुसरीच्या कडेवर घासायची, चार पावलं बरी जायची, पुन्हा गोळा.

पण वॅक्स काय, तिचंही चुकू शकलं असतं.

का थांबली? कीव आली म्हणून? कीव असती तर तोंडावर दिसली असती. मग आदर? आदरही नको होता मला, आदर जुन्या माणसांना देतात. वर्षाला ७०० तास सराव करायचा, उन्हाळाभर डांबरावर रोलरस्की, चाकांच्या स्की, ओढायच्या, आणि शेवटी हाती काय, तर आदर. गुडघ्याचं तर... जाऊ दे.

१९९८ साली नागानोच्या हिवाळी ऑलिंपिकला १० किलोमीटर जिंकून नॉर्वेचा ब्योर्न डेली असाच थांबला होता, केनियाच्या फिलिप बोइटसाठी. बोइट मूळचा धावपटू, स्कीवर उभं राहून त्याला जेमतेम दोन वर्षं झालेली. तो ९२वा आला, डेलीच्या वेळेहून सुमारे २० मिनिटं जास्त घेऊन. डेलीने त्याला मिठी मारली. ही गोष्ट मी नव्या पोरींना कितीदा सांगितलीय, तिलासुद्धा. सांगताना दर वेळी मी डेलीच्या जागी उभी असायचे, हे आज कळलं. रेषेपाशी धापा टाकत पोचणाऱ्या माणसाला ती मिठी कशी लागली असेल, हे मनातही आलं नव्हतं.

बोइटने तर पुढे मुलाचं नाव डेली ठेवलं. म्हणजे तो माझ्यासारखा ओरडला नसावा. आणि २००२, २००६ दोन्ही ऑलिंपिकला पुन्हा उतरला. पण तो सुरुवात करत होता. मी काय करतेय?

डेलीचं म्हणाल तर १९९९च्या उन्हाळ्यात तो रोलरस्कीवरून पडला, पाठ गेली. ८ ऑलिंपिक सुवर्णपदकं असलेला माणूस, २००१ मध्ये थांबलो म्हणून सांगून मोकळा. हळूहळू मागे पडत शेवटचं येण्याची वेळ त्या बिचाऱ्यावर आलीच नाही. तेवढ्या एका बाबतीत मी त्याच्या पुढे आहे.

एक मात्र आहे. दुसरी स्की शेवटी तिनेच काढली. माझ्याने निघेना तेव्हा मी पाय पुढे केला, न बघता. तिनेही न बघता काढली.

आत्ता मेसेज आला. "ताई, उद्या उणे चार सांगतायत. तुमची निळ्या वॅक्सची डबी मिळेल का? माझी संपलीय."

म्हणजे कीव नसावी. किंवा कीव आणि निळी दोन्ही. "ने," म्हणून कळवलं. मग आठवलं, मागची जांभळी अजून तिच्याकडेच आहे. तेही कळवलं.