तांबडी खुडूक बसली: २१ दिवस आणि पुढचा आठवडा

गेल्या वर्षी मी दोनदा कोंबडी अंड्यांवर बसवली आणि दोन्ही वेळा माझ्या हातूनच बिघडलं. पहिल्या वेळी दिवसातून चार-चार वेळा अंडी उचलून बघत राहिले, कोंबडीने नवव्या दिवशी घरटं सोडलं. दुसऱ्या वेळी फुटायला आलेल्या एका अंड्याचं कवच नखाने सोललं. आतल्या पातळ पडद्यातून रक्त आलं आणि पिल्लू तासाभरात गेलं. ते अजून मनातून जात नाही. म्हणून यंदा बसवण्याआधीच ठरवलं, की अंड्यांचं काय करायचं ते कोंबडीला कळतं. आपण तिचं खाणं-पाणी आणि राखण बघायची. रोजची वही ठेवली, तीच इथे उतरवते आहे.

आमचं घर चिपळूण तालुक्यात. १० गावठी कोंबड्या आणि १ कोंबडा. तांबडी त्यातली सगळ्यात थोर, तिची ही तिसरी खेप.

२४ जानेवारी. तांबडी दुपारी घरट्यातून उठलीच नाही. जवळ गेले तर अंग फुलवून डाल्याएवढी झाली, घशातून घर्र घर्र आवाज, हात नेला तर चोच मारली. संध्याकाळी बाकीच्या खुराड्यात गेल्या, ही तिथेच. पोटाखाली हात घातला तर छातीची पिसं गेलेली आणि कातडी चांगलीच गरम. ही तीन लक्षणं एकत्र दिसली की खुडूक पक्की, म्हणजे कोंबडी अंडी उबवायला बसायला तयार. तरी मी लगेच चांगली अंडी देत नाही. दुकानातली दोन अंडी खाली ठेवली आणि तीन दिवस वाट पाहिली. नुसती तासाभर रेंगाळणारी कोंबडी तेवढ्यात उठून जाते. ही हलली नाही.

२७ जानेवारी, रात्र. अंडी बसवली. ११. सात घरची, चार शेजारच्या काकूंकडची, कारण त्यांचा कोंबडा वेगळ्या रक्ताचा आहे. सगळी आठवड्याच्या आतली, मध्यम आकाराची, टोकाची बाजू खाली करून मडक्यांच्या फळीवर गारव्याला ठेवलेली. फ्रिजमध्ये ठेवली नाहीत, धुतलीही नाहीत. अंड्यावरचा नैसर्गिक लेप धुण्याने जातो आणि छिद्रांतून घाण आत शिरते. प्रत्येकावर पेन्सिलीने आकडा टाकला. हे फार गरजेचं आहे. दुसरी एखादी कोंबडी येऊन त्यातच अंडं घालून गेली तर आकडा नसलेलं अंडं लगेच ओळखून काढता येतं. नाहीतर पिल्लं निघण्याच्या तारखा मागेपुढे होतात.

बांबूची पाटी घेतली. तळाला चार बोटं ओलसर माती, मधे हाताने खळगा केला, वर भाताचा पेंढा. कोकणात फेब्रुवारीतच दुपारी तापायला लागतं, खालची माती अंड्यांना ओल देते. पेंढ्यात कडुनिंबाचा वाळलेला पाला चुरून घातला. पाटी पडवीच्या टोकाच्या जुन्या खुराड्यात ठेवली. तिथे दुसऱ्या कोंबड्या येत नाहीत, अंधार असतो, आणि जाळीची भोकं इतकी बारीक की मुंगूस शिरू शकत नाही. तांबडीला अंधार पडल्यावरच उचलून आणलं. दिवसा जागा बदलली तर ती जुन्या जागेकडे धावते.

सासूबाईंनी पाटीच्या कडेला एक लोखंडी खिळा आणि कोळशाचा तुकडा ठेवला. वीज कडाडली तर अंडी बिघडू नयेत म्हणून. मी तो तसाच राहू दिला. या घरात त्यांच्या हाताखाली चाळीस वर्षं पिल्लं निघाली आहेत.

दिवस १ ते ६. रोज सकाळी साडेसातला दार उघडायचं. स्वतः उठली तर ठीक, नाही तर दोन्ही हात पंखांखालून घालून अलगद उचलायचं. उचलताना पंखात किंवा पायात अंडं अडकलेलं नाही ना, हे आधी चाचपून घ्यायचं. काही खुडूक कोंबड्या जेवायलाही उठत नाहीत आणि अंड्यांवर वाळून जातात. तांबडी पहिले दोन दिवस तशीच होती.

खाणं: मक्याचा भरडा आणि तांदळाच्या कण्या. दाण्यावर ठेवली की शीट घट्ट राहते, घरटं घाण होत नाही. बाहेर आल्यावर पहिली जी शीट पडते ती मोठी आणि फार वासाची असते, नव्याने पाळणाऱ्यांनी घाबरू नये. दिवसभराची साठवलेली असते. मग पाणी, आणि मग राख व कोरडी माती मिसळून ठेवलेल्या खड्ड्यात लोळणं. हे लोळणं चुकवू देऊ नका. बसलेल्या कोंबडीच्या अंगात उवा फार लवकर होतात, आणि कोंबडी अंडी सोडते त्याला बरेचदा हेच कारण असतं. १५ ते २० मिनिटांत तिचं सगळं आटपतं.

अंडी मी फिरवत नाही. ती स्वतः दिवसरात्र चोचीने कडेची मधे आणि मधली कडेला करत असते. पेन्सिलीचे आकडे रोज वेगळ्या जागी दिसतात.

दिवस ७ (३ फेब्रुवारी). रात्री अंडी बघितली. पडवीतला दिवा घालवला, मोबाइलची टॉर्च लावली, त्यावर मूठ धरून अंड्याची रुंद बाजू टेकवली. ५ नंबरचं अंडं आतून केशरी झालं. वरच्या बाजूला बारीक लाल शिरा, कोळ्याच्या जाळ्यासारख्या पसरलेल्या, आणि मधे मुगाएवढा काळा ठिपका. मी श्वास रोखून बघत होते. तो ठिपका झुलला, परत जागी आला, परत झुलला. नऊ अंड्यांत असं दिसलं.

९ नंबर आरपार पिवळं, वांझ. २ नंबरमध्ये शिरा नाहीत, नुसतं एक लाल कडं. म्हणजे गर्भ धरला होता, पण तिसऱ्या-चौथ्या दिवशी गेला. दोन्ही काढली. अशी अंडी उबेत राहिली तर कुजून फुटतात आणि बाकीच्यांचा नास करतात. सगळं दहा मिनिटांत उरकलं. आता १४व्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही.

दिवस ९. काही विशेष नाही. खाल्लं, लोळली, बसली.

दिवस १२ (८ फेब्रुवारी). आज चूक झाली. साडेसातला तिला बाहेर काढलं आणि मुलाला शाळेच्या एसटीला सोडायला गेले. एसटी उशिरा आली. परतले तेव्हा सव्वानऊ वाजले होते. खुराड्याचं दार उघडं, पाटी रिकामी. तांबडी सापडली लाकडाच्या रचाईमागच्या खोक्यात, जिथे ती आधी अंडी घालायची. खाली आमच्या कवडी नावाच्या दुसऱ्या कोंबडीने सकाळी घातलेलं एकच अंडं, आणि ही त्याच्यावर डोळे मिटून बसलेली. तिला घरटं सोडायचं नव्हतं, जागा चुकली होती.

पाटीतली अंडी गालाला लावून बघितली. गार. माझे पाय गळाले.

तिला उचलून आणून पाटीसमोर ठेवलं. तिने मान तिरकी करून अंडी पाहिली, आत चढली, एकेक अंडं चोचीच्या खालच्या बाजूने ओढून पोटाखाली घेतलं, दोनदा अंग हलवून बसली. सासूबाई बाहेर आल्या नि म्हणाल्या, "अगो, बसली ना ती? मग आता तू उठ तिथून." मी उठले.

त्याच दिवशी रचाईमागचं खोकं काढून टाकलं. ज्यांच्याकडे कोंबडी वेगळ्या जागी हलवून बसवली आहे त्यांनी हे पहिल्याच दिवशी करावं, आणि ती आत जाऊन बसेपर्यंत तिथून हलू नये.

दिवस १४. दोन दिवस भीतीने बघितलंच नव्हतं. आज बघितलं. आठ अंडी जवळजवळ पूर्ण काळी, वर हवेची पोकळी स्वच्छ, आणि टॉर्च लावताच आत जोरात हालचाल. नववं मंद, शिरा नाहीत. ते आंब्याच्या मुळाशी पुरलं. मधल्या दिवसांत अंडं तास-दीड तास गार पडलं तरी गर्भ बहुधा तग धरतो, फुटायला मात्र उशीर होऊ शकतो. म्हणून २१व्या दिवशी घाई करायची नाही, असं वहीत मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलं.

दिवस १८. इथून अंडी बघणं बंद. दुपारी उन्हाचा फार तडाखा होता म्हणून पाटीभोवतीच्या जमिनीवर पाणी शिंपडलं, अंड्यांवर नाही. खाणं-पाणी आता दारातच, तिच्या चोचीच्या टप्प्यात.

दिवस २० (१६ फेब्रुवारी), रात्र. साडेदहाला दारापाशी बसले होते. पाटीतून एक बारीक चिवचिव आली, कवचाच्या आतून. तांबडीने खालच्या पट्टीत कुक कुक केलं. हा आवाज तिने इतक्या दिवसांत एकदाही काढला नव्हता. परत चिवचिव, परत कुक कुक. पिल्लू आणि आई बाहेर भेटण्याआधी एकमेकांचा आवाज ओळखतात, ते मी त्या रात्री कानांनी ऐकलं.

दिवस २१. सकाळी पंखाखालून एक ओलं डोकं. दुपारपर्यंत चार, संध्याकाळपर्यंत सहा. रिकामी कवचं तेवढी काढून घेतली, एकाच्या आत एक अशी बसून ती न फुटलेल्या अंड्यांना झाकतात.

उरली दोन. ४ नंबरच्या अंड्याला दुपारी एकला टिकलीएवढा तडा दिसला. पाच वाजता तेवढाच. रात्री नऊला तेवढाच, पण आतली चोच हलताना दिसत होती. गेल्या वर्षी याच वेळी मी नख लावलं होतं. तडा पडल्यावर पिल्लू थांबतं ते थकून नाही. पडद्यातलं रक्त अंगात ओढून घेत असतं आणि पिवळा बलक पोटात घेत असतं. ते पुरं झाल्याशिवाय बाहेर काढलं तर काय होतं ते मी पाहिलं आहे. दार लावलं आणि आत जाऊन झोपले. झोप आली नाही.

पहाटे साडेपाचला तडा अंड्याच्या रुंद भागाभोवती अर्धा फिरला होता. सात चाळीसला टोपी उघडावी तसं कवच उघडलं. काळं पिल्लू, पाठीवर दोन पिवळसर पट्टे. तडा पडल्यापासून साडेअठरा तासांनी.

आठवं अंडं फुटलं नाही. दोन दिवसांनी उघडलं, पिल्लू पूर्ण वाढलेलं होतं. ११ पैकी ७.

पुढचे दिवस. पहिला दीड दिवस पिल्लांना काही दिलं नाही. पोटातल्या बलकावर ती सहज राहतात, आणि आईही उशिराचं अंडं फुटावं म्हणून बसून राहते. मग बरणीच्या झाकणात पाणी, त्यात खडे टाकून, म्हणजे बुडायची भीती नाही. खायला बारीक कण्या आणि पिल्लांचा स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांसाठीचं तयार खाद्य. तांबडी कणी चोचीत घेते, टुक टुक करत खाली टाकते, सातही धावतात. तिसऱ्या दिवशी सासूबाईंनी बांधावरचं वाळवीचं ढेकूळ आणून फोडलं. तिथे जी झुंबड उडाली ती बघायला शेजारची मुलं जमली.

दिवसा अंगणात मोठ्या डालग्याखाली. कावळा आणि घार, दोघांचीही नजर पहिल्याच दिवशी लागली होती.

सातवा दिवस. मानमोडीची, म्हणजे राणीखेतची, लासोटा लस दिली. प्रत्येकी एक थेंब डोळ्यात. कुपी १०० पिल्लांची मिळते, म्हणून मी दोन आठवडे आधीच वाडीतल्या चार घरांना विचारून ठेवलं होतं. थर्मासात बर्फ घालून आणली, विरघळवल्यावर तासाभरात सगळ्या घरची पिल्लं उरकली. तुमच्याकडे पाच-सात पिल्लं असली तरी "एवढ्यांसाठी कुठे" म्हणू नका. मानमोडी आली की खुराडं दोन दिवसांत रिकामं होतं.

आज आठवा दिवस. सातही आहेत. साडेअठरा तासांचं काळं पिल्लू बाकीच्यांपेक्षा जरा लहान दिसतं, पण दाण्यापाशी पहिलं तेच असतं. काल दुपारपासून कवडी घरट्यात फुगून बसली आहे. दुकानातली दोन अंडी तिच्याखाली ठेवली आहेत. तीन दिवसांत उठली नाही तर उन्हाळा वाढल्यामुळे तिला ९च अंडी देईन, आणि या वेळी जुनं घरटं आधी मोडेन.