डोया की डोरा

टीव्हीवर माझं पहिलं स्किट लागलं त्या रात्री अर्धं गाव आमच्या ओसरीत बसलं होतं. मी मुंबईत. संपल्या संपल्या मायचा फोन, "बाबू, आपल्याकडं डोया कोन मन्ते रे?"

मी 'डोरा'च लिहिलं होतं. आमच्या झाडीबोलीत, म्हणजे पूर्व विदर्भातल्या बोलीत, ळ चा र होतो, म्हणून डोळा तो 'डोरा'; पश्चिमेकडच्या वऱ्हाडीत य, म्हणून 'डोया'. पण वाचनाच्या वेळी सांगण्यात आलं, विदर्भ म्हणजे वऱ्हाडी, लोकांना तीच ओळखीची. बरोबरच होतं म्हणा. २०१४ पासून 'चला हवा येऊ द्या'मुळे भारत गणेशपुरेंची बोली घरोघरी गेली. ते अमरावतीकडचे, त्यांची ती मायबोली. मी गडचिरोलीतल्या वडशाकडचा. मधे अख्खं नागपूर पडते.

त्याआधी मी वडशाच्या एका नाटक कंपनीत प्रॉम्प्टर होतो. आमच्या झाडीपट्टीचं नाटक गावोगावच्या मंडईच्या जत्रेच्या, शंकरपटाच्या बैलशर्यतीच्या निमित्तानं रात्री सुरू होते ते पहाटेपर्यंत. तीन वाजता घोंगडी पांघरून पेंगणाऱ्या माणसाला हसवणं म्हणजे काय, ते मी पडद्यामागं हातात वही धरून शिकलो. टीव्हीवर दहा मिनिटांत आटपायचं, आणि हसणारे एसीत बसलेले. पैसे स्किटमागे, तेही कधी कधी तिसऱ्या महिन्यात.

सचिन मोटे आणि सचिन गोस्वामी यांचा हेवा वाटायचा. एक लिहितो, दुसरा बसवतो, आणि 'महाराष्ट्राची हास्यजत्रा'ची निर्मितीही दोघांचीच. स्वतःच निर्माता असला की आपलं वाक्य कापायला दुसरा कोणी येत नाही, असं मला वाटे. (कापावं लागतेच. फक्त शिव्या कोणाला द्यायच्या, तो प्रश्न उरतो.)

पाच वर्षांनी परतलो. वडशात भाड्याची खोली, दारावर पाटी, दिवाळीआधी गावागावांतून बुकिंगला येणाऱ्या मंडळींसाठी चहा. निर्माता झालो.

पहिल्याच हंगामात तेच स्किट नाटकात घुसवलं. मोतीबिंदूच्या शिबिरात गेलेला म्हातारा. या वेळी छातीठोक 'डोरा'. नटानं तो शब्द असा ठासून म्हटला की काय सांगू.

कोणी हसलं नाही. कशाला हसतील? घरी रोज तोच शब्द. मुंबईत हशा माझ्या विनोदाला नव्हताच, 'डोया'ला होता, हे मला पाच वर्षांनी, थंडीत कुडकुडताना कळलं.

पुढं पट्टी सुटते. म्हातारा ना डॉक्टरकडे पाहत, ना बायकोकडे. तडक घरी येऊन धानाचे कट्टे, म्हणजे पोती, मोजायला लागते, आणि जावई हळूच मागच्या दारानं सटकते. हे वाक्य चॅनेलच्या वेळी पहिल्यांदा कापलं गेलं होतं, शहरात कट्टा कोणाला कळणार म्हणून.

तिथं मंडप असा उसळला की पुढची दोन वाक्यं प्रॉम्प्टरलाही ऐकू गेली नाहीत. कोणीतरी मागून ओरडलं, "मोज बुढ्या, मोज!" नट खरंच पुन्हा पहिल्यापासून मोजायला लागला.