जेसीबी यायच्या आत काढलेले कळलावीचे कंद

हरसूल रस्त्याच्या कडेची करवंदाची जाळी दुसऱ्या दिवशी जेसीबीखाली जाणार, असा निरोप आला. त्या जाळीतल्या कळलावी या रानवेलाचे कंद दुसरीकडे लावायला त्याच दिवशी काढणं भाग होतं. मे अखेर म्हणजे जमीन खडखडीत, वर झाडाचा मागमूस नाही. पावसाळा सरला की वेल वाळतो आणि पुढच्या पावसापर्यंत कळलावी जगते ती जमिनीखालीच. खूण एकच, जाळीत अडकलेल्या वाळक्या काड्या. पानाच्या टोकाचा गुंडाळलेला तणावा एखाद्या काडीवर टिकलेला असला, की खात्री पटते.

काडी जिथे जमिनीत शिरते तिथून वीतभर लांब कुदळ मारायची, मग खुरपं, शेवटी बोटं. हातमोजे घालूनच, कारण कंदात आणि बियांत कोल्चिसीन हे जहाल विष असतं. काडी धरून ओढली तर ती हातात येते, कंद खालीच राहतो. पहिला कंद मोकळा झाला: अंगठ्याएवढा जाड, नांगरासारखा दोन बाजूंना फाकलेला, शेजारी आदल्या वर्षीच्या कंदाचं सुरकुतलेलं टरफल. एका टोकावर ज्वारीच्या दाण्याएवढा पांढरट डोळा फुगला होता. सगळा जीव अशा टोकांत, आणि फाकलेल्या दोन्ही बाजूंना असं टोक असतं. म्हणून कंद मधोमध मोडला तरी दोन्ही तुकडे फुटू शकतात. टोक मोडलं तर त्या बाजूचा उरलेला तुकडा कितीही गलेलठ्ठ असो, कुजतो. मजुरांना हे एकदा कंद हातात देऊन दाखवलं आणि पुढचं काम आपोआप हलक्या हाताने झालं.

नवी जागा अंजनेरीच्या बाजूच्या उतारावर, ऐन-सागाच्या कडेला निवडली. कळलावीला मूळ सावलीत आणि शेंडा उन्हात लागतो. दाट रानाच्या पोटात ती फुलत नाही. कंद आडवा, चार बोटं खोल, मुरमाड मातीत. वरून पाणी अजिबात नाही. पाऊस तिला उठवतोच, पण साचलेल्या पाण्यात कंद सडतो. म्हणून सपाटी टाळायची.

लहान कंद पहिल्या वर्षी नुसता वेल चढवतो, फूल देत नाही. त्यात एका डोळ्यातून एकच कोंब येतो. तो शेळीच्या पायाखाली मोडला तर सहसा त्या वर्षीचं संपलं. त्यामुळे प्रत्येक कंद जित्या करवंदीच्या बुंध्याशी, काट्यांच्या आतच लावला. चढायला आधारही तोच.