एकाच व्हरांड्यात सगळं ऑफिस

आज शेजारच्या मावशींना घेऊन झेडपी शाळेतल्या शिबिराला गेले होते. त्यांचे यजमान जाऊन दोन वर्षं झाली, संजय गांधी निराधारचा फॉर्म अजून भरलेलाच नव्हता, कारण दरवेळी एक कागद कमी, आणि तालुक्याला जायचं म्हणजे रोजंदारी बुडते वर एसटीचं भाडं. मीच मागे दोनदा गेले होते त्यांच्यासोबत, एकदा साहेब मीटिंगला, एकदा सर्व्हर डाऊन 😑

आज मात्र तलाठी, ग्रामसेवक, सेतूवाला, पोस्टाची बँक, आशाताई सगळे एकाच व्हरांड्यात, ओळीने टेबलं. मृत्यूचा दाखला ग्रामपंचायतीच्या टेबलावर, उत्पन्नाचं काम तलाठ्याकडे (वर्षाला २१ हजारांच्या आत लागतं, आजच्या काळात हा आकडा कोणी ठरवला देव जाणे), तिथून पोस्टाकडे, कारण खात्याला आधार जोडलेलं नसेल तर महिन्याचे १५०० येणार कुठे. मावशींचा अंगठा मशीन घेईचना, आयुष्यभर खुरपं धरलेला हात तो, शेवटी पोस्टाच्या मुलाने सगळी बोटं एकेक करून लावून बघितली तेव्हा कुठे डावं मधलं बोट लागलं.

आशाताई तर खरी कमाल. कोणाच्या घरी कोण एकटं आहे हे सगळं तिला तोंडपाठ, तिनेच घरोघर जाऊन बोलावलं होतं. मांडवातल्या फ्लेक्सवर तिचा फोटो नव्हता, बाकी सगळ्यांचे होते.

मंजुरी अजून तालुक्याच्या समितीत व्हायचीय. मावशींनी पोचपावती ब्लाऊजमध्ये घडी करून ठेवलीय, येताना तीनदा चाचपून बघितली.