शेवटच्या चार ओळी

गुरुवार, रात्री उशिरा

आज दिवसभर एकच फ्रेंच शब्द डोक्यात घोळतोय. देगलास.

सिनेमा-टेलिव्हिजन आणि फ्रेंच असा जोडअभ्यास घेतल्याला हे दुसरं वर्ष. पहिलं वर्षभर दोन्ही विषय दोन वेगळ्या वह्यांत राहिले. एका वहीत शॉट, कट, प्रकाश. दुसरीत क्रियापदांचे तक्ते. सकाळी सबजंक्टिव्ह पाठ करायचा, दुपारी अंधाऱ्या वर्गात बसून संकलनावर टिपणं काढायची. यांचा एकमेकांशी नक्की संबंध काय, असं कुणी विचारलं की मी काहीतरी सांगून वेळ मारून नेत असे. या आठवड्यापासून तसं करावं लागणार नाही.

काम साधं दिसत होतं. दिग्दर्शक गोदारच्या १९६० सालच्या ‘आ बु द सूफ्ल’ या फ्रेंच चित्रपटाचा शेवटचा प्रसंग घ्यायचा आणि आपापल्या मातृभाषेत त्याची सबटायटलं लिहायची. पोलिसांना हवा असलेला नायक मिशेल रस्त्यात पडलाय, पाठीत गोळी. पॅट्रिशिया, त्याची अमेरिकन मैत्रीण, धावत येऊन उभी राहते. तिनेच पोलिसांना कळवलेलं असतं. मिशेल चेहरा वेडावाकडा करतो, एक वाक्य पुटपुटतो आणि स्वतःच्याच हाताने डोळे मिटून घेतो. ‘काय म्हणाला तो?’ ती विचारते. इन्स्पेक्टर सांगतो. मग ती थेट कॅमेऱ्याकडे बघून विचारते, ‘देगलास म्हणजे काय?’ आणि अंगठा ओठांवरून फिरवते. ती मिशेलची लकब. ती पाठ फिरवते आणि चित्रपट संपतो.

चार ओळी. संध्याकाळभरात होतील असं वाटलं होतं, चार दिवस गेले.

हेडफोन लावून मिशेलचं वाक्य कितीदा ऐकलं याची मोजदाद नाही. ‘से व्रेमाँ देगलास.’ मी पहिल्या मसुद्यात लिहिलं, ‘तू खरंच घाणेरडी आहेस.’ फ्रेंचच्या मॅडमनी वहीवर बोट ठेवलं. म्हणाल्या, ‘तो काय बोलला ते लिही. इन्स्पेक्टरने काय सांगितलं ते त्याच्या तोंडी घालू नकोस.’ परत ऐकलं. खरंच, मिशेल ‘तू’ म्हणतच नाही. ‘से’ म्हणजे ‘हे आहे’. हे मरण, हा विश्वासघात की हे सगळंच, ते तो सांगत नाही. ‘तुम्ही’ येतं ते इन्स्पेक्टरच्या तोंडून: तो म्हणाला, तुम्ही खरोखर एक देगलास आहात. मरणाऱ्या माणसाचे शब्द तिच्यापर्यंत पोहोचता पोहोचता तिच्यावरचा आरोप झाले आणि तिला तर तो शब्दही कळत नाही! वर्गात हा प्रसंग मी आधी दोनदा पाहिला होता. क्लोजअपबद्दल पानभर लिहिलं होतं. हे मात्र ऐकलंच नव्हतं.

इन्स्पेक्टर तिला ‘व्हू’ म्हणतो, अहोजाहो करतो, आणि त्याच वाक्यात असला शब्द वापरतो. इंग्रजीत ‘यू’ लिहिलं की हा पीळ निघून जातो. आपल्याकडे ‘तुम्ही’ आहे. इथे मराठीत लिहायला मिळतंय याचा मला मनापासून आनंद झाला.

पण अडचणही मराठीनेच केली. ‘घाणेरडं’ लिहिलं की ते नपुंसकलिंगी, म्हणजे परिस्थिती. ‘घाणेरडी’ लिहिलं की ती. शेवटचा स्वर लिहिताक्षणी निकाल लागतो. फ्रेंच शब्द पुरुष, बाई, वस्तू सगळ्यांना तसाच लागतो, म्हणून तर इन्स्पेक्टरला तो तिच्याकडे वळवता येतो. मला लिंगाप्रमाणे न बदलणारं विशेषण हवं होतं.

मधल्या काळात टेलिव्हिजनच्या तासाला डबिंग सुरू झालं. जर्मनी, फ्रान्स, इटली, स्पेनमध्ये परदेशी मालिका मुख्यतः डब करून दाखवतात. नेदरलँड्स आणि उत्तर युरोपात सबटायटलं. फ्रान्समध्ये डबिंग करताना चित्राखालून संवादाची एक पट्टी सरकत जाते आणि कलाकार ती वाचत बोलतात. प, ब, म आले की पडद्यावरचे ओठ मिटलेले हवेत. तिथे शब्द ओठ ठरवतात, माझ्याकडे डोळे ठरवतात: एका वेळी फार तर दोन ओळी आणि त्याही वाचून व्हायला हव्यात. गंमत अशी की ‘आ बु द सूफ्ल’ चित्रित करताना आवाज घेतलेलाच नव्हता, संवाद नंतर भरले. ज्या श्वासावर मी चार दिवस कान लावून बसले, तो रस्त्यावरचा नाही, स्टुडिओतला.

काल रात्री भांडी विसळताना सुचलं: ओंगळ. ओंगळ माणूस, ओंगळ बाई, ओंगळ काम. कुठेच बदलत नाही. शिवाय मराठीत कर्ता गाळता येतो.

– खरंच ओंगळ आहे.
– काय म्हणाला तो?
– तुम्ही खरंच ओंगळ आहात, असं म्हणाला.
– ओंगळ म्हणजे काय?

मराठी नव्याने शिकणाऱ्याला हा शब्द अडेल, असंही वाटतं. पाठ्यपुस्तकात ‘घाण’ भेटते, ‘ओंगळ’ नाही.

एक गोष्ट मात्र सलतेय. देगलासच्या मुळाशी ‘देगले’ आहे, ओकणं. त्याच्याही आत ‘गल’, जनावराचं तोंड. तो रस्त्यावरचा शब्द आहे. ओंगळमध्ये तेवढी घाण नाही, तो घरातला वाटतो, मोठ्या बायकांच्या तोंडचा. ‘शिसारी’ने वास आला असता, पण ‘तुम्ही शिसारी आहात’ कुणी म्हणत नाही.

सकाळी द्यायचंय. झोपण्याआधी आवाज बंद करून, फक्त माझ्या ओळी चित्रावर लावून प्रसंग पाहिला. चौथी ओळ आली तेव्हा ती माझ्याकडेच बघत होती. अंगठा ओठांवर जाईपर्यंत ओळ ठेवावी की आधीच काढावी, यावर अजून अडले आहे. आत्ता तरी काढली आहे, म्हणजे शेवटी फक्त चेहरा राहतो.