फावड्याखालचं देवगांडूळ

आंबोली, रविवार रात्र

सकाळपासून पावसाने डोकं वर काढू दिलं नाही. आलो होतो मलबारी उडत्या बेडकासाठी. पाण्यावर झुकलेल्या फांदीला त्याचं फेसाचं घरटं लटकलेलं दिसलं. पिल्लं त्यातून थेट खालच्या पाण्यात पडतात. स्वारी स्वतः मात्र गायब. हिरण्यकेशी नदीच्या उगमाला जाऊन आलो. तिथल्या माशाची नवी जात म्हणून २०२० साली नोंद झाली, पण आज पाणी असं गढूळ की मासा कुठला दिसतोय! धबधब्याकडे फिरकलोच नाही. तिथे निसर्ग कमी आणि गाड्यांचे हॉर्न जास्त.

खरी गंमत मुक्कामाच्या घरामागे झाली. काका तुंबलेला चर मोकळा करत होते. फावड्याने चिखलाचं ढेकूळ बाहेर टाकलं आणि त्यातून काहीतरी वळवळत निघालं.

"मागे सरा, सरपाचा पिल्लू आसा ता!" फावडं वर गेलंच होतं.

"काका, थांबा! साप नाही तो!"

देवगांडूळ! पुस्तकात कितीदा पाहिलेलं, समोर आज पहिल्यांदा. वीतभर लांब, करंगळीहून बारीक, जांभळट गुलाबी, तुकतुकीत. अंगभर गांडुळासारखी वळी, पण याला पाठीचा कणा आहे, जबडा आहे, दातही आहेत. हा बेडकाचा भाऊबंद, म्हणजे उभयचर. डोळे दिसेनात. डोळ्या-नाकपुडीच्या मधे एक इवलीशी स्पर्शिका असते, तिच्यावर याचा जमिनीखालचा कारभार चालतो. ती काही त्या उजेडात मला दिसली नाही. काही जातींत आई अंड्यांभोवती वेटोळं घालून राखण करत बसते. आंबोलीतूनच एक जात २००३ मध्ये शास्त्राला नव्याने कळली. ही तीच का? वळी मोजल्याशिवाय सांगता येत नाही, आणि मोजायला ते थांबतंय कशाला! टणक डोकं चिखलात खुपसलं आणि अंग आकसत, ताणत निम्मं आत गेलंसुद्धा.

वाघ-बिबट्यांसाठी लोक जीव टाकतात; हा बिचारा साप समजून मार खातो.

काकू पडवीतून बघत होत्या. "खाता काय ता?"

"गांडुळं, वाळवी."

"वाळवी? मग ऱ्हवांदे परड्यात. वाळवीन आमच्या पडवीचो वासो खाल्ल्यान."