युआन श्वांग जिथे परतला ते शीआन: आमचे पाच दिवस

माझे बाबा कुडाळला हायस्कूलमध्ये इतिहास शिकवायचे आणि चालुक्यांचा धडा आला की दरवर्षी तीच गोष्ट रंगवून सांगायचे, दुसरा पुलकेशी गादीवर असताना एक चिनी भिक्षू आपल्याकडे येऊन गेला, साधारण 641 च्या सुमारास, आणि इथल्या माणसांबद्दल लिहून गेला की ही माणसं साधी, उपकार न विसरणारी, पण कुणी अपमान केला तर जिवावर उदार होऊन बदला घेणारी. तो भिक्षू म्हणजे युआन श्वांग. भारतातून 645 साली तो ज्या शहरात परत आला ते छांगआन, म्हणजे आजचं शीआन. बाबा आता चौऱ्याहत्तरचे आहेत, म्हटलं आता नाही तर कधी. ऑक्टोबरच्या शेवटी मी, बायको आणि बाबा असे तिघं जाऊन आलो. कुणाला जायचं असेल तर उपयोग होईल म्हणून सविस्तर लिहितोय.

तारखांचं आधी. 1 ते 7 ऑक्टोबर तिकडे राष्ट्रीय सुट्टी असते, अख्खा देश फिरायला निघतो, तो आठवडा आणि 1 मेच्या आसपासचे दिवस सरळ टाळा. ऑक्टोबरचा शेवट मस्त, दुपारी हलकं ऊन आणि संध्याकाळी स्वेटर. आम्ही बीजिंगहून बुलेट ट्रेनने गेलो, जवळपास 1200 किमी साडेचार-पाच तासांत. कागदी तिकीट नसतंच, बुकिंगला पासपोर्ट नंबर द्यायचा आणि तोच पासपोर्ट गेटवर दाखवायचा. ऑटोमॅटिक गेटने आमचा पासपोर्ट वाचला नाही, अशा वेळी तिथे झटापट करत बसू नका, बाजूला माणूस बसलेला असतो त्याच्या लायनीत जा. ट्रेन उत्तर स्टेशनला सोडते, तिथून मेट्रोची 2 नंबर लाईन थेट बेल टॉवरपर्यंत, म्हणजे जुन्या शहराच्या मधल्या घंटेच्या मनोऱ्यापर्यंत. आम्ही दक्षिण दरवाजाजवळ, योंगनिंगमेन स्टेशनपासून पाच मिनिटांवर राहिलो आणि हा निर्णय फार बरोबर ठरला, कारण तटबंदी आणि शिलालेखांचं संग्रहालय दोन्ही चालत होतात.

फोनचं काम भारतातूनच करून जा. अलीपे (तिकडचं पैसे द्यायचं ॲप) टाकून आपलं कार्ड जोडून, पासपोर्टचं व्हेरिफिकेशन करून ठेवा, तिथे भाजीवालीसुद्धा क्यूआर कोडच पुढे करते. गूगल, व्हॉट्सॅप तिकडच्या वायफायवर चालत नाही, इंटरनॅशनल रोमिंग घेतलं तर चालतं, आम्ही तेच केलं. टॅक्सी अलीपेच्या आतूनच बोलावता येते, आणि हॉटेलचं नाव-पत्ता चिनी लिपीत स्क्रीनशॉट काढून ठेवा. देशांतर्गत विमानाने जाणार असाल तर पॉवर बँकवर चीनचा 3सी शिक्का (सुरक्षा प्रमाणपत्राची खूण) नसेल तर सिक्युरिटीला काढून घेतात, हे लक्षात ठेवा.

आता शहर. मातीचे सैनिक (चीनच्या पहिल्या सम्राटाच्या समाधीजवळ पुरलेले मातीचे हजारो पुतळे) बघायचे आणि दुसऱ्या दिवशी निघायचं असा प्लॅन करून बरेच जण येतात. माझं कळकळीचं सांगणं आहे की असं करू नका. सैनिक बघाच, पण शीआन म्हणजे तेवढंच नाही.

आम्ही पहिल्यांदा मोठ्या हंस पॅगोड्याला गेलो, चिनीत दायानता. युआन श्वांगने भारतातून 657 ग्रंथ आणले, ते आगीपासून सुरक्षित राहावेत म्हणून 652 मध्ये हा विटांचा मनोरा उभा राहिला. पुढे सम्राज्ञी वू झेतियानच्या काळात 704 च्या आसपास तो नव्याने बांधला. आज सात मजले, उंची सुमारे 64 मीटर. बाहेरच्या चौकात युआन श्वांगचा मोठा पुतळा आहे, फोटो काढून बरेच लोक तिथूनच मागे फिरतात. आत जा. पॅगोडा ज्या मंदिरात आहे त्याचं तिकीट वेगळं आणि वर चढायचं वेगळं. खालच्या दक्षिण दाराच्या दोन बाजूंना कोनाड्यात दोन शिलालेख आहेत, 653 सालचे, सम्राट ताईझोंग आणि त्याचा मुलगा गाओझोंग यांनी युआन श्वांगच्या भाषांतरांसाठी लिहिलेल्या प्रस्तावना त्यावर कोरल्यात. भारतातून परत आल्यावर हा माणूस एकोणीस वर्षं बसून भाषांतरच करत राहिला, 75 ग्रंथ, 1335 खंड. आपण संस्कृतातली मूळ पुस्तकं हरवून बसलो आणि त्यातली काही आज फक्त त्याच्या चिनी भाषांतरामुळे माहीत आहेत. त्या कोनाड्यासमोर बाबा कितीतरी वेळ उभे होते. त्यांना चिनीचं एक अक्षर येत नाही, पण त्यांनी चप्पल काढली आणि हात जोडले. वर जायचा लाकडी जिना अरुंद आहे, गुडघे दुखत असतील तर तिसऱ्या मजल्यापर्यंत जाऊन या, चारी बाजूंच्या खिडक्यांतून सरळ रेषेतले रस्ते तिथूनही दिसतात.

युआन श्वांगने आपल्या प्रदेशाचं नाव कसं लिहिलं ते ऐकायचंय? मो-हो-ला-चा. महाराष्ट्र! दोनदा-तीनदा मोठ्याने म्हणून बघा, बरोबर कळतं.

वेळ असेल तर छोटा हंस पॅगोडासुद्धा बघा, तिथे गर्दी नसते, मोठी जुनी झाडं आहेत आणि तो इ-त्सिंग या दुसऱ्या चिनी भिक्षूच्या ग्रंथांशी जोडलेला आहे, जो नालंदेला राहून गेला. 1556 च्या भूकंपात वरचे मजले पडले, ते पुन्हा बांधले नाहीत, म्हणून पंधराचे तेराच आहेत.

आणि आता माझी सगळ्यात आवडती जागा, पेईलिन, शिलालेखांचं वन. 1087 मध्ये सुरू झालेला संग्रह आहे. इथे 837 साली कोरलेले कन्फ्युशियन ग्रंथ आहेत, 114 दगड, दोन्ही बाजूंनी कोरलेले, सुमारे साडेसहा लाख अक्षरं, म्हणजे विद्यार्थ्याने येऊन दगडावरून पाठ तपासून घ्यायचा, छापील पुस्तक नसतानाची सोय. आणि 781 सालचा तो प्रसिद्ध ख्रिस्ती शिलालेख, वर क्रॉस, खाली चिनी मजकूर आणि शेजारी सिरियाक लिपीतली नावं, तीच सिरियाक जी केरळातल्या जुन्या चर्चमध्ये वापरतात. पण मी सांगणार आहे ते ठशांबद्दल. एक बाई दगडावर ओलसर कागद चिकटवत होती, मग जाड ब्रशने ठप ठप ठप ठोकत होती, कागद अक्षरांच्या खोबणीत हळूहळू बसत जातो. अर्धवट वाळला की कापडाच्या गुंडाळीला शाई लावून वरून थोपटायचं, घासायचं नाही, आणि काळ्यावर पांढरी अक्षरं उमटत येतात. वीस मिनिटं आम्ही हललो नाही. बाहेरच्या शूयुआनमेन गल्लीत ब्रश, शाई, शिक्के कोरणारे बसतात. तिथे एका म्हाताऱ्याकडून आईच्या नावाचा दगडी शिक्का करून घेतला, मी कागदावर देवनागरीत लिहून दिलं, त्याने ते आधी दगडावर उलटं काढलं, बोटाने शिरोरेषेवरून दोनदा रेघ ओढून खूण केली की ही वर ना, आणि मगच छिन्नी लावली. एकही काना चुकला नाही. भाव करायला हरकत नाही पण कोरणाऱ्याशी फार घासाघीस करू नका, काम बघितलंत तर तुम्हालाच वाटणार नाही.

मातीच्या सैनिकांसाठी अख्खा दिवस ठेवा. शहरापासून साधारण 40 किमी, लिंतोंगला. तिकीट आधी ऑनलाईन पासपोर्टवर काढायचं, आम्ही गेलो तेव्हा 120 युआन. आमची चूक अशी झाली की स्टेशनाजवळच्या एका गाडीवाल्याबरोबर गेलो, त्याने मध्येच एका मूर्तींच्या कारखान्यात नेऊन दीड तास घालवला, त्यामुळे मेट्रो आणि बस किंवा ॲपवरची टॅक्सी एवढंच करा. आत गेल्यावर बहुतेक सगळे थेट पहिल्या मोठ्या खड्ड्यात घुसतात. आम्ही तिसरा, दुसरा आणि मग पहिला असं केलं, लहानाकडून मोठ्याकडे, ते छान वाटतं. दुसऱ्या खड्ड्याच्या दालनात काचेत गुडघ्यावर बसलेला धनुर्धारी आहे, त्याच्या बुटाच्या तळव्याकडे बघा, टाचेला आणि पुढे घट्ट टाके, मधे विरळ, शिवणकाम अगदी जसंच्या तसं. 1974 मध्ये विहीर खणताना शेतकऱ्यांना हे सापडलं. सम्राटाची खरी समाधी अजून उघडलेली नाही, आणि ब्राँझचे रथ आता त्याच तिकिटात समाधीच्या परिसरात आहेत, तिकडे बस नेते, थकून तो भाग सोडू नका.

शान्शी इतिहास संग्रहालयाचं तिकीट फुकट आहे पण मिळणं अवघड. सोमवारी बंद. बुकिंग काही दिवस आधी उघडतं, उघडल्या मिनिटाला बसा. आम्हाला पहिल्या दोन दिवशी नाही मिळालं, तिसऱ्या दिवशी रात्री कुणीतरी रद्द केलेलं मिळालं.

तटबंदी मिंग काळातली, 13.7 किमीचा पूर्ण वेढा, वर भाड्याने सायकल मिळते. बायकोने आणि मी सायकलने, बाबा बॅटरीच्या गाडीतून. चारच्या सुमारास चढा, अंधार पडताना दिवे लागतात. बेल टॉवर बाहेरून बघितला तरी पुरे. मोठी मशीद मात्र चुकवू नका, दुकानांच्या गर्दीतून एक वळण घेतलं की एकदम शांत अंगणं, एकामागून एक, छपरं चिनी आणि लाकडावर कोरलेली अक्षरं अरबी. प्रार्थनागृहात फक्त मुस्लिमांना प्रवेश, बाहेरूनच बघायचं.

खाणं. बायको पूर्ण शाकाहारी, उपाशी राहिली नाही. "वो छ सू" म्हणजे मी शाकाहारी आणि "बू याओ रौ" म्हणजे मांस नको, पण हे चिनी लिपीत लिहिलेलं दाखवणं जास्त खात्रीचं, अंडं नको असेल तर तेही लिहा. ल्यांगफी, म्हणजे थंड नूडल, व्हिनेगर आणि मिरचीचं तेल घालून, रोज खाल्लं. पण योफो म्यान विसरता येणार नाही. पट्ट्यासारख्या रुंद नूडल, वर लाल तिखटाचा ढीग, ठेचलेला लसूण, पातीचा कांदा, आणि समोर येऊन धूर निघणारं तेल वरून ओततात, चर्रर्र. आपली फोडणीच! वास आल्यावर बाबा म्हणाले घरी आल्यासारखं वाटतंय. त्यांनी स्वतः मटणाचा फाओमो खाल्ला, त्यात कडक रोटी आपणच हाताने हरभऱ्याएवढी बारीक कुसकरून द्यायची, मग रस्सा घालून आणतात. घाईघाईत मोठे तुकडे करू नका, रस्सा आत मुरत नाही.

शेवटच्या संध्याकाळी मुस्लिम गल्लीतल्या एका जुन्या वाड्यात सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ बघितला, वीसेक मिनिटांचा. आमच्या कुडाळजवळच्या पिंगुळी गावातल्या चामड्याच्या बाहुल्यांचा खेळ लहानपणापासून बघितल्यामुळे बाबा खेळ संपल्यावर पडद्यामागे गेले आणि तिथल्या माणसाने त्यांच्या हातात काड्या दिल्या. आम्ही भिक्षूच्या वेशातली एक बाहुली घेतली. घ्यायची असेल तर प्रकाशासमोर धरून बघा, खऱ्या चामड्यातून रंग आरपार दिसतात, प्लॅस्टिकची सरसकट चकाकते. आणताना दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये सपाट ठेवा. घरी आल्यावर बाबा ती घेऊन पिंगुळीला गेले, तिथल्या ओळखीच्या कलाकाराने ती खिडकीशी धरली, एकेक सांधा हलवून बघितला, अकरा तुकडे मोजले, आणि आतून आपली एक बाहुली आणून तिच्या शेजारी ठेवली.